बांगडी फोडणारा हात

गेल्या पावसाळ्यात शिरोळ भागातल्या एका गावाला मातीला गेले होते. चुलत दीर हार्टअटॅकनं गेले, वय पन्नाशीच्या अलीकडेच. अंगणात चिखल झालेला, त्यावर खताची रिकामी पोती पसरलेली. एका कडेला पुरुषमंडळी तिरडी बांधत होती आणि आत सोप्यात आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो होतो. पाऊस उघडला होता, तरी पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. जाऊ मयताच्या उशाशी बसलेली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, मागंपुढं पाटल्या, कपाळावर सकाळचंच कुंकू, घामानं जरासं ओघळलेलं. "आवरा आता, उचलायचं हाय," असं बाहेरून कुणीतरी म्हणालं आणि सोप्यात एकदम शांत झालं. पुढं काय करायचं असतं हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मागून एक आवाज आला, "आक्कांस्नी बोलवा."

आक्का म्हणजे भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या विधवा. गल्लीत कुणाचा नवरा गेला की तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, हे काम कितीतरी वर्षं त्यांच्याकडं आहे. सवाशणीनं त्याला हात लावायचा नसतो. आक्का आल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, जावेचं मनगट त्यांनी हातात घेतलं. आम्ही सगळ्या बघत होतो. आक्का त्या मनगटाकडं बघत राहिल्या. बाहेरून दुसऱ्यांदा हाक आली, तरी बघतच राहिल्या. मग त्यांनी ते मनगट उचलून जावेच्याच मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला न्हाई जमत आता. दुसरं कुणीतरी बघा." दुसरं कुणी उठलं नाही. दोघी-तिघींनी एकमेकींकडं पाहिलं, एकीनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात माणसं आत आली आणि मयत उचललं. जाऊ बांगड्यांसकट, कुंकवासकट दारापर्यंत चालत गेली.

परतताना गाडी पुतण्या चालवत होता. तो पुण्याला नोकरी करतो, विचारानं सरळ आहे, वाचतो-बिचतो. मी त्याला आतली गोष्ट सांगितली, कारण ती माझ्या मनातून हलत नव्हती. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काकी, गावानं तसा ठरावच केलाय ना? मग आक्कांनी वेगळं काय केलं? नियम पाळला. आता असल्या बदलांना हिरो लागत नाहीत. यंत्रणा बदलली की माणसं बदलतात." बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस होता, काच खाली केली की ओल्या मातीचा वास येत होता. मी काही बोलले नाही. त्याचं बोलणं खोडून काढावं असं नव्हतं आणि मला ते पटतही नव्हतं.

ठराव झाला होता हे खरंच.

हेरवाड तिथून लांब नाही. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्याकडं घरोघरी त्याचीच चर्चा होती. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. सुरगोंडा पाटील सरपंच होते. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत, एवढं त्या ठरावात स्वच्छ शब्दांत लिहिलेलं. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं करायचं आवाहन केलं. मग गावोगाव ठराव झाले. पण या ठरावाच्या मागं आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात आपल्या एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोचे हाल पाहिले होते. तिचं कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र सगळं ओरबाडून काढलेलं त्यांना बघवलं नाही. त्यानंतर त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की मी मेल्यावर माझ्या बायकोच्या बाबतीत यातलं काहीही करू नये. जिवंतपणी, धडधाकट असताना, आपल्या मरणाबद्दल लिहून द्यायचं आणि ते चारचौघांत सांगायचं. आपल्याकडं मरणाचं नाव काढलं तरी लोक "शुभ बोल" म्हणतात, हे लक्षात घेतलं तर त्या कागदाला काय लागलं असेल हे कळतं.

माझी आत्या चाळिशीच्या आत विधवा झाली. मी तेव्हा लहान होते, त्यामुळं त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. अंगणात चपला न घालता पळू नका असं आम्हा पोरांना कितीतरी दिवस बजावत होते, कारण हिरव्या काचेचे तुकडे मातीत रुतले होते, तेवढं मात्र आठवतं. पुढं आत्या माहेरीच राहिली. तिचं रूप आठवायला गेलं की मला कासार आठवतो. घरात लग्न निघालं की चुडा भरायला कासार यायचा. सोप्यात घोंगडं अंथरून त्यावर बांगड्यांचे तोडे मांडायचा, आणि एकेकीचा हात धरून, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, बांगडी कशी कधी चढली ते कळू न देता भरायचा. त्याचे हात खरखरीत असायचे, तरी दुखायचं नाही. घरातल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती. आत्या मात्र माजघरात, दाराच्या आड. पण भावात तिच्याइतकं पक्कं घरात कुणी नव्हतं, म्हणून घासाघीस तिनंच करायची. आतून तिचा आवाज यायचा, "डझनामागं एवढं कसं घेतोस? इचलकरंजीत कमी हाय." कासारही तोंड वर न करता दाराकडं बघत उत्तर द्यायचा. दहा-बारा बायकांचे हात भरून व्हायचे, भाव आत्याच्या शब्दानं ठरायचा, आणि ती बाहेर यायची ती कासार उठून गेल्यावर, घोंगडं झाडायला.

तिला कुणी वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. वडील तिला विचारल्याशिवाय शेताचा व्यवहार करत नसत. आईचं आणि तिचं सख्य होतं. तिनं दाराआड बसावं असं कुणी तिला सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि बाहेर ये असं म्हणणारंही कुणी नव्हतं. घरातली सगळी माणसं चांगली होती. तरी तिचे हात शेवटपर्यंत मोकळेच राहिले. यंत्रणेनं सगळं होतं असं कुणी म्हणालं की मला ते माजघराचं दार आठवतं, कारण तिथं मोडायला कुठला कायदाच नव्हता. १८५६ पासून विधवेला पुनर्विवाह करायची कायद्यानं मोकळीक होती. सव्वाशे वर्षांनीसुद्धा तिला बाहेर येऊन स्वतःच्या हातांत चार बांगड्या भरता येत नव्हत्या.

रूढीला हात लागतात. हे मला आक्कांमुळं नीट दिसलं. आपण म्हणतो समाज असा आहे, समाज तसा आहे. पण बांगडी समाज फोडत नाही. एक बाई दुसऱ्या बाईचं मनगट धरते आणि फोडते. त्यातही हे काम विधवांनाच देऊन ठेवलंय, म्हणजे जिचे हात एकदा असे मोकळे केले तिनंच दुसरीचे करायचे. आपल्यावर झालेलं दुसऱ्यावर करायला लावणं याहून क्रूर व्यवस्था मला सुचत नाही. आणि तरीही हे इतकं सवयीचं झालेलं की आक्कांना कुणी कधी विचारलं नसेल, तुम्हाला हे करताना काय होतं म्हणून.

इतिहासात अशा हातांची एक गोष्ट आहे आणि तिचं स्मारक कुठं दिसत नाही. ब्राह्मण विधवांचं केशवपन करायची चाल होती आणि त्यासाठी न्हावी लागायचा. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी सभेला जमले आणि यापुढं विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. मागं नारायण मेघाजी लोखंडे होते, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. लोखंड्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. त्या न्हाव्यांपैकी एकाचंही मला माहीत नाही. मी त्यातल्या एखाद्याचा विचार करते. हातावर पोट असलेला माणूस. वाड्याच्या मागच्या दारानं त्याला बोलावणं येणार, आत एक पोर बसवलेली असणार, वय चौदा-पंधरा, आणि त्यानं गप्प राहून पैसे घ्यायचे. जातीनं खाली मानलेल्या माणसानं वरच्यांच्या घरी जाऊन "हे मी करणार नाही" म्हणणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण तो एकटाच असं म्हणाला असता तर काय झालं असतं? त्याचं गिऱ्हाईक गेलं असतं आणि शेजारच्या आळीतला दुसरा न्हावी आला असता. त्या पोरीचे केस काही राहिले नसते. जिथं एका हाताच्या जागी दुसरा हात सहज मिळतो तिथं एकट्याचं धाडस त्याच्यापुरतं उरतं. हे लोखंड्यांना कळलं होतं, कामगारांत वावरलेल्या माणसाला ते कळणारच. म्हणून त्यांनी सभा घेतली, सगळ्यांचे हात एकदम थांबवायचा प्रयत्न केला. केशवपन त्यानं संपलं नाही, पुढं कितीतरी वर्षं चाललं. पण ही चाल कुणाच्या हातांवर उभी आहे हे त्या सभेत पहिल्यांदा उघड झालं.

पुतण्याला हीच गोष्ट सांगायला हवी होती असं मला नंतर वाटलं. आक्कांनी मनगट सोडलं, आणि दुसरी कुणी उठली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी का उठली नाही? दहा वर्षांपूर्वी नक्की उठली असती. "आक्का थकल्या, मी करते," म्हणून कुणीतरी पुढं झालीच असती. ती उठली नाही कारण ग्रामसभेत ठराव झाला होता, पंचायतीत तो वाचून दाखवला होता, बातम्यांत हेरवाडचं नाव आलं होतं. प्रत्येकीच्या हाताला कुठंतरी आतून अडखळल्यासारखं झालं होतं. ठरावाचं काम ते. तो कागद आक्कांना थांबवू शकला नाही. त्यांना मनगट धरण्यापासून कुणी अडवलं नव्हतं, त्यांना बोलावणाऱ्या बाईलाही ठराव माहीत होता. पण आक्का थांबल्यावर त्यांच्या जागी दुसरा हात येऊ न देणं, एवढं त्यानं केलं. आणि आक्का थांबल्या नसत्या तर तो ठराव पंचायतीच्या वहीतच राहिला असता.

मग धाडस कुणाचं म्हणायचं? मला वाटतं, आक्कांचंच. पंच्याहत्तरीच्या बाईनं, जिनं जन्मभर हे काम बिनबोभाट केलं, भरल्या सोप्यात, मयत पुढ्यात असताना, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना "न्हाई जमत" म्हणणं, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी भाषण केलं नाही. ठरावाचं नाव घेतलं नाही. "मला जमत नाही" असं आपल्या अंगावर घेऊन त्या मोकळ्या झाल्या. असं बोलण्यात भित्रेपणा आहे असं कुणी म्हणेल. मला त्यात शहाणपण दिसतं. दुःखाच्या घरी वाद उभा न करता हात काढून घेणं, हे जिनं आयुष्यभर भावकी सांभाळली तिलाच सुचतं.

महाडचं तळं मला याच संदर्भात नेहमी आठवतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याप्रमाणं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. कागद झाल्यावरही तीन वर्षं त्या पाण्याला कुणाला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी काठावर उतरून ओंजळीत पाणी घेतलं, त्यांच्या मागून हजारो जणांनी घेतलं, आणि त्याच दिवशी लोक लाठ्या घेऊन परिषदेच्या माणसांवर तुटून पडले. पुढं तळं गोमूत्र-शेणानं 'शुद्ध' करून घेतलं. दावा कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. एका ओंजळीच्या मागं चार वर्षांपूर्वीचा ठराव आणि पुढं दहा वर्षांची कोर्टकचेरी. त्या दिवशीची परिषद भरवण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तिथल्याच तरुणांनी गावोगाव जाऊन माणसं जमवली होती, वर्गणी गोळा केली होती. त्यांची नावं आपण कमी घेतो. आणि मार खाल्लेल्या कित्येकांची तर नावं लिहिलीच गेली नाहीत.

किमतीचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. धाडस करणाऱ्याला काय मोजावं लागतं? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर हे जोडपं मुरूडला गेलं तर गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि घरच्यांनी त्यांना आपल्यात घेतलं तर त्यांच्यावरही बहिष्कार. आईनं मुलाला घरात घ्यायचं नाही. कर्व्यांचं नाव पुढं जगभर झालं, १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, पण मी विचार करते तो त्या आईचा. तिनं पुनर्विवाहाचा पुरस्कार केला नव्हता. मुलाच्या धाडसाची किंमत तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. आणि गोदूबाईंचा, ज्या पुढं आनंदीबाई झाल्या, बाया म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल? नायक म्हणून फोटो एकाचा लागतो. त्याची किंमत मात्र अख्खं घर चुकतं करत असतं.

आज तसा बहिष्कार घालणं हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, २०१७ पासून लागू. कर्व्यांच्या आईवर आलं ते आज कुणावर आलं तर तिला पोलिसांत जाता येईल. चांगल्या कायद्याचं खरं काम मला हे वाटतं, पुढच्या माणसासाठी धाडस स्वस्त करणं. त्या कायद्याच्या मागं जातपंचायतींच्या जाचातून गेलेली माणसं आहेत, पहिल्यांदा तोंड उघडलेल्या बायका आहेत, आणि दाभोलकरांनी शेवटच्या काळात सुरू केलेली जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीमही आहे.

दाभोलकरांचं नाव आलं की माझं लिहिणं अडतं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं अधिवेशनामागून अधिवेशनं वाट पाहिली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला. डिसेंबरात कायदा झाला. जे इतकी वर्षं होत नव्हतं ते चार दिवसांत होऊ शकत होतं. याचा अर्थ लावायचा मी अनेकदा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी मन कडू झालं. आपल्याला बलिदान दिल्याशिवाय कळत नाही, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते म्हणवत नाही. असं म्हटलं की मारणाऱ्यांनाच बदलाचं श्रेय दिल्यासारखं होतं. चळवळ एका चेहऱ्यावर उभी राहिली की गोळीला पत्ता सापडतो, हे मात्र मी त्यातून शिकले. आणि दुसरंही एक दिसलं. गोळी घालणाऱ्यांचा हिशेब चुकला, कारण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखा गावोगाव होत्या, त्यांच्या बैठका होत राहिल्या, शाळांतले चमत्कारांचे प्रयोग चालू राहिले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी दाभोलकरांनी २००० साली आंदोलन उभं केलं होतं. तो चौथरा बायकांना २०१६ च्या गुढीपाडव्याला खुला झाला. ते पाहायला दाभोलकर नव्हते.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. ३ जानेवारीला मुली सावित्रीबाई होऊन यायच्या. नऊवारी, अंबाडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाटी. "माझ्यावर शेण फेकलं, दगड मारले, पण मी थांबले नाही," असं घोकून घोकून म्हणायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या. ती गोष्ट सांगितलीच पाहिजे, कितीदा सांगितली तरी जास्त होत नाही. पण त्याच महिन्यात संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं, आणि आमच्यातल्या एक बाई नवरा गेल्यापासून त्या दिवशी अर्ध्या रजेचा अर्ज द्यायच्या. कुणी त्यांना जा म्हणत नव्हतं. तिळगूळ दुसऱ्या दिवशी डब्यातून मिळायचा त्यांना, वाण नाही. त्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवायला शेण-दगड खावे लागणार नव्हते. फार तर चार बायकांच्या कपाळावर आठी पडली असती. एवढी कमी किंमतसुद्धा जेव्हा कुणी मोजत नाही तेव्हा मला वाटतं, आपण धाडसाला फार उंचावर नेऊन ठेवलंय. सावित्रीबाईंइतकं जमणार नाही म्हणून काहीच करायचं नाही, याला त्यांचा आदर कसं म्हणायचं? त्या तर १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्यातच गेल्या. तेव्हा समोर एक तापलेलं पोर होतं आणि ते उचलायला हात हवे होते.

म्हणून पुतण्याशी माझं भांडण नाही. यंत्रणा हवी, ठराव हवेत, कायदे तर हवेतच. ते नसते तर आक्कांच्या त्या एका वाक्यानं काही झालं नसतं. पण दुपारी बारा वाजता, चिखलाच्या अंगणात, बाहेरून घाई चाललेली असताना तिथं ना सरपंच असतो ना पोलीस. तिथं पाच-पन्नास माणसं असतात आणि त्यांच्यातल्या एकीला ठरवावं लागतं. त्या क्षणाला जे लागतं त्याला मी शूरपणाच म्हणेन. तो क्षण संपला की तिला पुन्हा चूल, गुडघे आणि भावकी सांभाळायची असते.

आणि तिला त्याची किंमत मोजावी लागतेच. रक्षाविसर्जनाच्या दिवशी मी परत गेले तेव्हा कानावर आलं. "आक्कांनी घात केला, पोरीला धड ना इकडची धड ना तिकडची करून ठेवली," असं कुणीतरी म्हणालं होतं. आणखी एकीनं विचारलं होतं, मग आमच्या वेळी का नाही सोडलं मनगट? हा दुसरा प्रश्न मला आतून हलवून गेला. ज्या बाईनं तो विचारला तिच्या बांगड्या आक्कांनीच फोडल्या होत्या, बारा-पंधरा वर्षांपूर्वी. तिचा राग मला चुकीचा वाटत नाही. बदल उशिरा येतो तेव्हा ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्या वाट्याला आनंदाबरोबर असं काहीतरी खुपणारंही येतं. आक्कांनी तिला काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. जाऊ कोपऱ्यात बसली होती, हातात त्याच बांगड्या, कुंकवाच्या जागी बारीक टिकली. बाराव्यानंतर तिनं पुढं काय करायचं ते ती ठरवेल. बांगड्या ठेवाव्यात किंवा काढाव्यात, दोन्हीची मोकळीक तिला हवी. ठेवल्याच पाहिजेत अशी नवी सक्ती तिच्यावर आली तर तेही मला नको आहे.

घरी आल्यावर मी ह्यांच्यापाशी स्टॅम्पपेपरचा विषय काढला. मला वाटलं होतं ते टाळतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "लिहू की. पण त्या घाईत तो कागद काढायचा कुणी? कपाटातच राहायचा." खरं होतं ते. मग आम्ही दोघांनी बसून मजकूर केला. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळ्याचा उल्लेख केला. उत्तरकार्याला ओटी भरणं, पुढच्या सणांना हळदीकुंकवाचं बोलावणं, हेही घातलं, कारण गावोगावच्या ठरावांत ते बहुतेक राहूनच जातं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, की हा कागद मयत उचलायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा. वाचायचं कुणी, यावर आम्ही दोघंही अडलो. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मी वाचीन, पण मी एकटी नको. माझ्या बाजूला घरातल्या अजून दोघी उभ्या राहायला हव्यात, आणि त्यांना आत्ताच विचारून ठेव." त्याच रात्री दोन्ही जावांना फोन लावले. धाकटी लगेच हो म्हणाली, म्हणाली की माझाही असाच एक कागद करून द्या. थोरली बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, घरात विचारून सांगते.